गुम्बेलचा तक्ता

जलविज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. नदीच्या एखाद्या ठिकाणचे तीस-चाळीस वर्षांचे आकडे दिलेले असत: दर वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग. त्यावरून गुम्बेलच्या पद्धतीने शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर काढायचा. सरासरी, प्रमाण विचलन, सूत्र, उत्तर. पुढे पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा असेच हिशेब खऱ्या नद्यांवर केले. पुणे, सांगली, कोल्हापूर इथल्या नदीकाठच्या माणसाला निळी रेषा आणि लाल रेषा सांगावी लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांच्या पुराची लाल. पुराचा अंदाज बांधायच्या ज्या रीती आम्ही शिकलो, त्यांत गुम्बेलची रीत सगळ्यांत सरावाची होती.

हा गुम्बेल कोण, हे कुणी शिकवलं नाही. निवृत्तीनंतर पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीवर बरंच वाचत होते, तेव्हा तेच नाव भलत्याच संदर्भात समोर आलं. एमिल युलियुस गुम्बेल, जन्म म्युनिक, १८९१, ज्यू कुटुंबातला, गणित शिकलेला. आणि १९२२ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचं नाव होतं ‘चार वर्षांतले राजकीय खून’. पुरांच्या पुनरावृत्तीवरचा १९४१ चा गाजलेला निबंध आणि हे पुस्तक एकाच माणसाचं आहे, याची खात्री करून घेतली आणि मग ते खुनांचं पुस्तक सोडवेना.

वायमार प्रजासत्ताक, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची जर्मन लोकशाही, कसं पडलं, याची आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते: अपमानकारक तह, नोटांच्या थप्प्या देऊन आणावा लागणारा पाव, बेकारी आणि मग हिटलर. यातलं काही खोटं नाही. पण महागाईच्या कहरापूर्वी आणि हिटलरचं नाव म्युनिकबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसताना, त्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या चार वर्षांतच, एक गोष्ट कागदावर स्वच्छ उतरलेली होती. ती या गणितज्ञाने उतरवली होती. ज्यांनी वाचायला हवी होती त्यांनी ती वाचलीही होती.

९ नोव्हेंबर १९१८ ला बर्लिनमध्ये दोन तासांच्या अंतराने दोन प्रजासत्ताकं घोषित झाली. संसदेच्या इमारतीतून सोशल डेमोक्रॅट फिलिप शायडेमानने एक केलं, राजवाड्यातून कार्ल लीब्कनेश्तने दुसरं, समाजवादी. कैसर पळाला. फ्रीडरिश एबर्ट हा खोगिरं शिवण्याचं काम शिकलेला, कामगार चळवळीतून वर आलेला माणूस सरकारचा प्रमुख झाला. युद्धात त्याचे दोन मुलगे गेले होते. तहाची बोलणी ताबडतोब सुरू करा, असा तगादा सप्टेंबरअखेरीस सेनापती लुडेनडॉर्फनेच लावला होता. पण ११ नोव्हेंबरला काँपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सही करायला मुलकी माणूस गेला, सेंटर पक्षाचा मथियास एर्ट्सबर्गर. सेनापती मागे राहिले. वर्षभराने, नोव्हेंबर १९१९ मध्ये, युद्धातला सरसेनापती हिंडेनबुर्ग संसदेच्या चौकशी समितीपुढे आला आणि एका इंग्रज सेनापतीचा हवाला देऊन म्हणाला, की जर्मन सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. लढाई सेनापती हरले आणि दोष आला तो सही करणाऱ्यांवर. इथून पुढे एर्ट्सबर्गरसारख्या माणसाला मारणं हे कित्येकांच्या लेखी देशकार्य ठरलं.

प्रजासत्ताक नको असणारे डावीकडेही होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९१८ च्या वर्षअखेरीस बर्लिनमध्ये जर्मन कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि पहिल्याच अधिवेशनात त्याने येऊ घातलेल्या निवडणुकीवर बहिष्कार टाकायचं ठरवलं. रोझा लुक्झेम्बुर्गने विरोध केला, निवडणूक लढवा म्हणाली. तिचं ऐकलं गेलं नाही. जानेवारीत उठाव झाला. त्यासाठी पुरेशी तयारी नव्हती, मागे पुरेसे लोकही नव्हते. तो मोडायला एबर्टच्या सरकारने, विशेषतः लष्कराचा कारभार पाहणाऱ्या नोस्केने, फ्रायकोर म्हणवणारी सैनिकांची खासगी पथकं वापरली. युद्धावरून परतलेले, प्रजासत्ताकाचा मनापासून तिटकारा असलेले हे लोक. १५ जानेवारीला त्यांनी लीब्कनेश्त आणि लुक्झेम्बुर्ग यांना पकडून ठार केलं आणि तिचं प्रेत लांडवेर कालव्यात फेकलं. चार दिवसांनी मतदान झालं. स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं. प्रजासत्ताक मानणाऱ्या तीन पक्षांना मिळून तीन चतुर्थांशांहून जास्त मतं पडली. लोकांना काय हवं होतं याबद्दल त्या दिवशी शंका नव्हती. पण सरकारने स्वतःच्या रक्षणाला जे हात बोलावले, ते हात नंतर कुणाच्याच काबूत आले नाहीत. एबर्टच्या अडचणी मला कळतात, तरी या एका निर्णयाबद्दल त्याला माफ करणं मला जमत नाही.

गुम्बेल स्वतः या पथकांच्या तडाख्यातून थोडक्यात वाचला. युद्धात तो आपणहून भरती झाला होता आणि युद्ध पाहून कट्टर शांततावादी होऊन परतला होता. १९१९ च्या मार्चमध्ये सैनिक त्याच्या बर्लिनमधल्या घरी त्याला शोधत आले. तो बर्नला एका परिषदेला गेला होता, म्हणून जगला. आणि मग त्याने मोजायला सुरुवात केली.

मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं. आकडेवारीचं निम्मं काम तिथेच होतं आणि निम्म्या चुकाही तिथेच होतात. गुम्बेलची व्याख्या वाचली तेव्हा मी कौतुकाने थांबले. एका नाव माहीत असलेल्या जर्मन माणसाला दुसऱ्या जर्मन माणसाने, देशांतर्गत राजकीय कारणाने, जाणूनबुजून आणि बेकायदा ठार मारलं असेल तरच तो खून त्याच्या तक्त्यात येई. रस्त्यावरच्या लढाईत पडलेले, बेफाम जमावाने मारलेले, नाव न सापडलेले, हे सगळे बाहेर. म्हणजे आकडा फुगवायचा मोह त्याने पहिल्याच ओळीत तोडून टाकला. वर्तमानपत्रांतल्या बातम्या, न्यायालयांचे निकाल, साक्षी यांतून एकेक प्रकरण उभं केलं. कोण मेला, कुठे, कुणी मारलं, खटला झाला का, शिक्षा काय झाली. डाव्यांनी केलेले खून एका बाजूला, उजव्यांनी केलेले दुसऱ्या बाजूला. मारणारा आपल्या विचारांचा आहे म्हणून कुणाचा खून त्याने गाळला नाही.

त्यातलं एक प्रकरण जवळून सांगते. ११ मार्च १९१९. बर्लिनच्या फ्रान्झोझिशे रस्त्यावरच्या एका इमारतीत नौसैनिकांच्या विसर्जित तुकडीला हिशेब आणि उरलेला पगार घ्यायला बोलावलं होतं. माणसं आली ती पगाराच्या रांगेत उभी राहायला. आत मार्लो नावाचा लेफ्टनंट आपल्या पथकासह बसला होता. आलेल्यांना धरत गेले, आणि संख्या फार झाली तेव्हा त्यांतले तीसेक निवडून अंगणात उभे केले आणि मशीनगनने मारले. कुणाचा गुन्हा विचारला नाही, कुणाचं नाव विचारलं नाही. मार्लोवर डिसेंबरमध्ये खटला चालला. आपल्याला वरून आलेला हुकूम पाळत होतो असं त्याला वाटत होतं, हे न्यायालयाने मान्य केलं आणि खुनातून त्याला निर्दोष सोडलं. रजेशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल तेवढी थोडी शिक्षा झाली.

म्युनिकमध्ये त्या वसंतात दोन्ही बाजूंचं रक्त सांडलं. तिथल्या अल्पजीवी सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या शेवटच्या दिवसांत, ३० एप्रिलला, लाल सैनिकांनी लुइटपोल्ड शाळेत दहा ओलिसांना गोळ्या घातल्या. भयंकर गोष्ट होती. तिच्याबद्दल आरोपी शोधले गेले, खटले चालले, मृत्युदंड अमलात आले. शहर ताब्यात घेतलेल्या फ्रायकोर आणि सरकारी सैनिकांनी मग शेकडो माणसं मारली. त्यांत ६ मे रोजी कॅथलिक कारागीर मंडळाच्या बैठकीला जमलेले २१ तरुण होते. कुणीतरी स्पार्टकवादी, म्हणजे कम्युनिस्ट, जमलेत म्हणून सांगितलं, सैनिकांनी त्यांना तळघरात नेलं. ते धार्मिक, कम्युनिस्टांच्या विरोधातले तरुण होते. हे प्रकरण दाबणं शक्य नव्हतं म्हणून त्यात काहींना शिक्षा झाल्या. तशाच रीतीने मारलेल्या साध्या कामगारांच्या बायकांना कुणी दारात उभं केलं नाही. ‘पळून जाताना गोळी लागली’ एवढ्या वाक्यावर असली प्रकरणं मिटत होती.

१९२२ च्या तक्त्यात बेरीज अशी आहे. डाव्यांनी केलेले खून २२, उजव्यांनी केलेले ३५४. डाव्यांच्या २२ पैकी १७ प्रकरणांत पूर्ण शिक्षा झाली, दहा जणांना मृत्युदंड. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ प्रकरणांत शिक्षाच नाही, मृत्युदंड एकालाही नाही. दर खुनामागे सरासरी कैद काढली तर डाव्यांसाठी १५ वर्षं, उजव्यांसाठी चार महिने.

१५ वर्षं आणि चार महिने. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं. असा फरक योगायोगाने पडत नाही, हे सांगायला कुठली चाचणी लावावी लागत नाही. ३५४ मधले पन्नास वादग्रस्त म्हणून काढून टाका, डाव्यांचे खून दुप्पट धरा, तरी निष्कर्ष हलत नाही.

आणि हा फरक पाडणारे लोक हातात बाँब घेऊन फिरणारे नव्हते. ते काळा झगा घालणारे, वेळेवर कचेरीत येणारे, कैसरच्या काळात नेमले गेलेले न्यायाधीश होते. नव्या राज्यघटनेने न्यायाधीशांचं स्वातंत्र्य जपलं, त्यांना पदावरून हलवता येणार नाही अशी हमी दिली. तत्त्व म्हणून ते योग्यच होतं. पण ज्यांना हमी दिली त्यांतल्या फार मोठ्या भागाला प्रजासत्ताक हाच एक गुन्हा वाटत होता. त्यांच्या नजरेत डावा आरोपी राज्य उलथवायला निघालेला होता आणि उजवा आरोपी देशप्रेमाच्या भरात जरा वाहवत गेलेला. अतिरेकी सगळ्याच देशांत निघतात. नव्या, कोवळ्या लोकशाहीला त्यांच्या गोळ्यांपेक्षा जास्त घातक ठरली ती ही सुशिक्षित सहानुभूती, असं माझं मत झालं आहे, आणि ते गुम्बेलच्या तक्त्याने झालं आहे.

गुम्बेलला सुरुवातीला आशा होती. १९२१ साली पुस्तकाची पहिली, दोन वर्षांच्या खुनांची आवृत्ती निघाली तेव्हा त्याला वाटलं होतं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. मी खरं लिहिलंय असं न्यायखात्याला वाटलं तर खुन्यांना शिक्षा होईल, खोटं लिहिलंय असं वाटलं तर बदनामी केली म्हणून मला होईल. पुढच्या आवृत्तीत त्याला लिहावं लागलं की तिसरंच काहीतरी घडलं. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही, आणि खुन्यांवरही नाही. कायदेपंडित गुस्टाव्ह राडब्रुख न्यायमंत्री असताना प्रकरणांची अधिकृत छाननी झाली. मंत्रालयाच्या टिपणाने गुम्बेलच्या माहितीला जवळजवळ सर्वत्र दुजोरा दिला. मग ते टिपण छापायला सरकारकडे पैसे नाहीत असं कारण आलं. १९२४ साली गुम्बेलने ते स्वतःच छापलं.

या सगळ्यात मार्च १९२० चे पाच दिवस मला फार धीर देतात. फ्रायकोर पथकं विसर्जित करायचा हुकूम निघाला म्हणून १३ मार्चच्या पहाटे एअरहार्टची ब्रिगेड शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवून बर्लिनमध्ये शिरली. वोल्फगांग काप नावाच्या नोकरशहाने स्वतःला चान्सेलर जाहीर केलं. बंडखोरांवर गोळी चालवायला वरिष्ठ लष्करी अधिकारी तयार होईनात. सरकार आधी ड्रेस्डेनला, मग श्टुटगार्टला पळालं. आणि मग बर्लिन बंद पडलं. वीज नाही, गॅस नाही, पाणी नाही, आगगाड्या नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत. कामगारांनी संप केलाच, पण मंत्रालयातले कारकूनही कापच्या सह्या मानेनात. बंदुका सगळ्या कापकडे होत्या, तरी राज्य चालवायला लागणारा एकही माणूस त्याच्याकडे नव्हता. १७ तारखेला तो पळाला. परतीच्या वाटेवर हुर्यो उडवणाऱ्या गर्दीवर त्याच ब्रिगेडने गोळ्या झाडल्या.

साध्या माणसांनी प्रजासत्ताक वाचवलं होतं. त्यानंतर काय झालं? र्‍हूरमधल्या संपकरी कामगारांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत तेव्हा त्यांच्यावर तेच सैन्य धाडलं गेलं, जे कापवर गोळी झाडायला तयार नव्हतं. हजाराहून जास्त माणसं मेली. आणि बंडाच्या पुढाऱ्यांपैकी एका माणसाला शिक्षा झाली, यागो नावाच्या माजी पोलीस प्रमुखाला, पाच वर्षं किल्ल्यातली कैद. ही सन्माननीय कैद असे, मजुरी नाही, भेटीगाठींना मोकळीक. सुटल्यावर त्याने सरकारवर दावा लावून निवृत्तिवेतन परत मिळवलं. म्युनिकच्या डाव्या राजवटीत भाग घेतलेल्या अर्न्स्ट टोलर या तरुण नाटककारालाही पाच वर्षंच झाली होती. त्याने ती शेवटच्या दिवसापर्यंत भोगली.

आता राथेनाउ. वाल्थर राथेनाउ उद्योगपती, लेखक, युद्धकाळात कच्च्या मालाचा सगळा पुरवठा ज्याने बसवून दिला तो माणूस, आणि १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री. ज्यू. त्याला मारा, असं सांगणारं गलिच्छ कवन बिअरच्या पिठ्यांतून उघड म्हटलं जात होतं. पोलीस पहारा त्याने नाकारला. २४ जूनच्या सकाळी तो ग्रुनेवाल्डमधल्या घरातून उघड्या मोटारीने मंत्रालयात निघाला. क्योनिग्सआले रस्त्याच्या वळणावर मागून एक मोठी मोटार आली, बरोबरीला आली. एकाने गोळ्या झाडल्या, दुसऱ्याने हातबाँब टाकला. रस्त्याने जाणारी एक परिचारिका धावत मोटारीत चढली आणि त्याला धरून बसली. मारेकरी पंचविशीच्या आसपासचे, चांगल्या घरातले, ‘ऑर्गनायझेशन कॉन्सुल’ या गुप्त संघटनेचे. एअरहार्टच्या ब्रिगेडमधूनच ही संघटना निघाली होती. कापच्या बंडाचा हिशेब चुकता झाला असता, तर यातले किती जण त्या सकाळी मोकळे असते, हा प्रश्न मला सुटत नाही. दुसऱ्या दिवशी चान्सेलर वीर्टने संसदेत उजव्या बाकांकडे बोट दाखवून सांगितलं, की शत्रू तिथे उभा आहे, तो उजवीकडे आहे, यात शंका नाही. लाखो लोक रस्त्यावर आले. प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण तो राबवणार होते बहुतांशी तेच न्यायाधीश.

या कायद्याचं पुढे काय झालं ते एका न्यायाधीशाच्या कारकिर्दीत दिसतं. गेओर्ग नाइटहार्ट, म्युनिक. फेब्रुवारी १९१९ मध्ये बव्हेरियाचा पंतप्रधान कुर्ट आइस्नर राजीनामा द्यायला निघाला असताना आर्को नावाच्या तरुण सरदाराने त्याला गोळी घातली. जानेवारी १९२० मध्ये हा खटला नाइटहार्टपुढे चालला. फाशी सुनावावी लागली, पण कृत्य नीच हेतूने नव्हे तर मातृभूमीवरच्या उत्कट प्रेमातून झालं, असं निकालात लिहिलं गेलं. दुसऱ्याच दिवशी फाशीची जन्मठेप झाली आणि १९२४ मध्ये आर्को बाहेर आला. त्याच वर्षी, त्याच नाइटहार्टपुढे, आदल्या नोव्हेंबरात सशस्त्र बंड करणारा आडोल्फ हिटलर उभा होता. चार पोलीस मेले होते. आरोपी परदेशी नागरिक होता, ऑस्ट्रियाचा. नव्या कायद्याने अशा दोषी परदेशी माणसाला हद्दपार करणं भाग होतं. शिवाय तो आधीच्या एका शिक्षेत सवलतीवर सुटलेला होता, म्हणजे पुन्हा सवलतीला पात्रच नव्हता. न्यायालयाने त्याला तासन्‌तास भाषणं करू दिली. इतका जर्मन मनाचा माणूस असल्यावर त्याला हद्दपारीचं कलम लागू करणं बरोबर नाही, असं ठरवलं. किमान शिक्षा दिली, पाच वर्षं, तीही किल्ल्यातली, आणि लवकर सुटकेची आशा ठेवून. २० डिसेंबर १९२४ ला तो मोकळा झाला. कायदा पुस्तकात होता, स्पष्ट होता, आणि एका माणसाने तो लावला नाही. १९३३ मध्ये नाइटहार्टला म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाचं अध्यक्षपद मिळालं.

हिटलर सुटला त्याच डिसेंबरात माग्डेबुर्गच्या न्यायालयात राष्ट्राध्यक्ष एबर्टची अब्रू पणाला लागलेली होती. एका संपादकाने त्याला देशद्रोही म्हटलं म्हणून दावा होता. न्यायालयाने संपादकाला अपमानाबद्दल शिक्षा दिली खरी, पण युद्ध चालू असतानाच्या १९१८ च्या संपात भाग घेतल्यामुळे एबर्टने कायद्याच्या अर्थाने देशद्रोह केला होता, असंही नोंदवून ठेवलं. दोन मुलगे रणांगणावर गमावलेल्या माणसाला, त्याच्याच राज्याच्या न्यायालयाने. अपिलाच्या धबडग्यात त्याने आतड्याच्या दुखण्याकडे दुर्लक्ष केलं आणि २८ फेब्रुवारी १९२५ ला, ५४ व्या वर्षी, तो गेला. त्याच्या जागी निवडून आला हिंडेनबुर्ग. दुसऱ्या फेरीत त्याला सुमारे १ कोटी ४६ लाख मतं पडली, प्रजासत्ताकवादी, सेंटर पक्षाच्या विल्हेल्म मार्क्सला १ कोटी ३७ लाख, आणि कम्युनिस्टांनी हट्टाने उभ्या केलेल्या थेलमानला १९ लाख. बेरीज कुणीही करावी. पुढे सोशल डेमोक्रॅट हेच खरे फॅसिस्ट, असं म्हणत कम्युनिस्ट पक्षाने आणखी काही मौल्यवान वर्षं घालवली. जुलै १९३२ च्या संसदेत ६०८ जागांपैकी २३० नाझींच्या आणि ८९ कम्युनिस्टांच्या होत्या. ज्यांना संसद नको होती त्यांचंच तिथे बहुमत झालं.

गुम्बेल तोवर हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवत होता. १९२४ मध्ये युद्धविरोधी सभेत, ‘अप्रतिष्ठेच्या रणांगणावर पडले असं मी म्हणणार नाही’ अशा शब्दांत मृतांची आठवण काढून त्याने श्रोत्यांना शांत उभं राहायला सांगितलं, आणि विद्यापीठात वादळ उठलं. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने त्याच्या शिकवण्याच्या हक्काची बाजू घेतली, बाकी प्राध्यापकांना तो नकोसा झाला होता. नाझी विद्यार्थ्यांनी त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं दंगा घातला. शेवटी १९३२ मध्ये एका सभेत तो म्हणाला, की माझ्या मते युद्धाचं खरं स्मारक म्हणजे विजयाची फांदी घेतलेली युवती नव्हे, एक मोठा सलगम आहे. १९१६–१७ च्या हिवाळ्यात जर्मन लोक सलगमासारख्या कंदांवर जगले होते, उपासमारीने मेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यावरून त्या ऑगस्टमध्ये त्याचा शिकवण्याचा परवाना काढून घेतला गेला. हिटलर चान्सेलर व्हायला अजून पाच महिने होते. हे नाझी राजवटीने केलेलं नाही, हे प्रजासत्ताकातल्या विद्यापीठाने केलं.

याच सुमाराच्या बर्लिनशी आपला एक खरा धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनच्या डाहलेम भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या होत्या. राथेनाउ पडला तिथून ते फार दूर नाही. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझी वंशधोरणाचा विद्वान आधारस्तंभ झाला. युरोपीय आणि इतर लोकांच्या कवट्यांच्या असमानतेत एक ठरावीक फरक असावा, हे त्याचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या भाषेत काम करणारी एक मराठी बाई, आणि तिच्यासमोर तो प्राध्यापक. मोजमापाशी प्रामाणिक राहणं त्या शहरात तेव्हा किती अवघड होत चाललं होतं, ते गुम्बेल वाचल्यावर मला जास्त कळलं.

१९३३ मध्ये गुम्बेल फ्रान्समध्ये होता, म्हणून हाती लागला नाही. ऑगस्टमध्ये नाझी सरकारने नागरिकत्व काढून घेतलेल्या लोकांची पहिली यादी जाहीर केली. तीत ३३ नावं होती. गुम्बेल त्यात होता, टोलर होता, आणि १९१८ साली प्रजासत्ताक पुकारणारा शायडेमानही होता. राथेनाउच्या मारेकऱ्यांचा त्यांच्या कबरीवर सत्कार झाला. २१ मार्च १९३३ च्या फर्मानाने ‘राष्ट्रीय उत्थानाच्या लढ्यात’ केलेल्या गुन्ह्यांना सरसकट माफी मिळाली.

या माफीची गोष्ट तिथे संपत नाही. एर्ट्सबर्गरला २६ ऑगस्ट १९२१ ला ब्लॅक फॉरेस्टमध्ये बाड ग्रीसबाखजवळ फिरायला गेला असताना दोघांनी गोळ्या घालून मारलं होतं. हाइन्‍रिश टिलेसेन आणि हाइन्‍रिश शुल्त्स, तेही ऑर्गनायझेशन कॉन्सुलचे. ते परदेशी पळाले, माफीनंतर परतले. दुसरं महायुद्ध संपलं, हिटलर मेला, टिलेसेन पकडला गेला. नोव्हेंबर १९४६ मध्ये ऑफेनबुर्गच्या जर्मन न्यायालयापुढे तो उभा राहिला. न्यायालयाने १९३३ ची माफी अजून लागू आहे असं धरून त्याला सोडून दिलं. तो भाग फ्रेंच ताब्यात होता. रास्टाटच्या फ्रेंच न्यायालयाने जानेवारी १९४७ मध्ये तो निकाल रद्द केला. हिटलरचं सरकार घटनेला धरून आलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं ते फर्मान मानता येणार नाही, असं ठरवलं. खटला कोन्स्टान्झला पुन्हा चालला, टिलेसेनला १५ वर्षं झाली. गुम्बेलने डाव्या खुन्यांची काढलेली सरासरीही १५ वर्षंच होती. टिलेसेनला १९५२ मध्ये सोडलं.

शुल्त्सलाही १९५० मध्ये शिक्षा झाली, बारा वर्षं. तोही १९५२ मध्येच सुटला.